ती गाडी मी खाली उतरवली, बाबा

बाबा, तुमच्या तेरवीला मी रडले नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. भंडाऱ्याहून आलेल्या तुमच्या दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आपसांत बोलल्याही. एकवीस वर्षं सासऱ्यानं पोरीसारखं ठेवलं, अन् हिच्या डोयात पाणी नाई. मी ऐकलं आणि पुऱ्या तळत राहिले. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर त्या बोलत होत्या.

मला तुमचा राग आलेला होता. चौदा महिन्यांपासून होता. तुम्ही असताना तो मी ताटाबरोबर तुमच्यापुढे ठेवत होते, रात्रीच्या गोळीबरोबर तुमच्या हातावर देत होते, आणि तुम्हीही मुकाट्यानं घेत होतात. आता ताट वाढायचं नाही, गोळी द्यायची नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुमच्यामाझ्यात काय झालं ते घरात कोणी नीट विचारलेलंच नाही.

माझा सोहम शिकायला पुण्याला गेला आणि घर एकाएकी मोठं झालं. त्याच उन्हाळ्यात प्रवीण ज्या कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा तो कारखाना बंद पडला. सेहेचाळिसाव्या वर्षी तुमचा मुलगा घरी बसला. पहिले पंधरा दिवस तो रोज दाढी करून बाहेर पडायचा, मग दाढी सुटली, मग बाहेर पडणं सुटलं. आतल्या खोलीचं दार लावून तो फोनकडे पाहत पडून राहायचा. आई त्याच्या दाराशी ताट घेऊन उभ्या राहायच्या. आणि तुम्ही सकाळी नऊला चहा पिऊन मागच्या टिनाच्या शेडमध्ये जायचात, ते जेवायला हाक मारेपर्यंत यायचा नाहीत. मला तेव्हा वाटायचं, बापलेक दोघंही पळून बसले आहेत, एक खोलीत, एक शेडमध्ये, आणि मधल्या घरात मी.

एका दुपारी मी चहा घेऊन मागे आले. तुम्ही स्टुलावर बसून चाकाच्या आतल्या एका नटाला पाना लावत होतात. उजवा हात थरथरत होता. वर्षभरापासूनच तो थरथरायला लागला होता, पण पेल्यातलं पाणी सांडेपर्यंत आम्ही कोणी लक्ष दिलं नव्हतं. पाना तीनदा निसटला. चौथ्यांदा निसटला तेव्हा तुम्ही तो खाली ठेवला आणि हाताकडे असं पाहिलं, जसं घरातलं कोणी लोकांसमोर उलटून बोललं असावं.

मी चहा फळीवर ठेवला. म्हटलं, "द्या इकडं."

"तुह्यानं नाई होत वं. जाम झाला हाय."

"द्या तं."

झाला. तुम्ही सुटलेला नट तळहातावर घेऊन पाहिला. चहा प्यायलात आणि म्हणालात, "त्याच्या खालचाही काढ."

ती गाडी तुमची सगळ्यात जुनी हौस होती. पुढून नाकाड्या चेहऱ्याची, गोल पाठीची. जाणकार लोक तिला प्रेमानं डुक्कर म्हणतात. मरोद्याला प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत असताना तुम्ही ती भिलाई सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. आणि कोहक्यात हे घर बांधल्यावर सामानाच्या आधी तीच दोरीनं ओढून इथं आणली, असं आई अजून सांगतात. पुढे तिचं काही ना काही बिघडत गेलं आणि ती विटांवर चढली. इंजिन तुम्ही हात चांगला असताना बसवून ठेवलं होतं. राहिलं होतं ते खालचं. कोण्या जुन्या मालकानं सामान वाहायला म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जाडजूड पट्टा जास्तीचा घातला होता, त्यामुळे तिचं शेपूट वर आणि नाक खाली. आणि चारही शॉकअप, धक्के झेलणारे दांडे, मेलेले. कोपऱ्यावर हात दाबून सोडला की गाडी झोपाळ्यासारखी पाच-सहा वेळा हलायची.

तुम्हाला ती नुसती दुरुस्त नको होती. खाली बसलेली हवी होती. कावून, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं. गावाहून नवेनवे भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात लागलात तेव्हा पहिल्या पाळीला पायी जायचात. गेटाजवळ एका साहेबाची अशीच गाडी रोज तुमच्या बाजूनं निघून जायची. "बाकीच्या गाड्या रस्त्यावरून जायच्या," तुम्ही म्हणालात, "थे गाडी रस्त्याले धरून जायची." ती खास खाली बसवून घेतलेली होती, हे तुम्हाला पुढे कित्येक वर्षांनी, स्वतः फिटर झाल्यावर कळलं. तेवढं सांगून तुम्ही लाजलात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाबा, तुम्ही मला शिकवलंत तसं मला आयुष्यात कोणी काही शिकवलं नाही. माझे वडील रेल्वेत फिटर होते, डोंगरगडला. हत्यारांची पेटी घरात होती, पण मुलींनी तिला हात लावायचा नाही असा नियम होता. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात स्टीलचा टेप दिला आणि म्हणालात, आधी नाप, मग हात लाव. चारही चाकांवरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मी वहीत लिहिली. नंतर गाडीखाली पोतं टाकून, त्यावर झोपून, इंजिनाच्या तळापासून, सायलेन्सरपासून, प्रत्येक लोंबणाऱ्या वस्तूपासून जमीन किती दूर आहे ते लिहिलं. साडी सोडून मी सोहमचा जुना ट्रॅकसूट घालायला लागले. आई पहिल्या दिवशी पाहून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "समोरच्या रस्त्यावर नको जाऊ त्या कपड्यात."

आपलं भांडण झालं ते तीन इंचांवरून. तुम्हाला गाडी तीन इंच खाली हवी होती. मी म्हटलं दोन. तुम्ही म्हणालात, मी प्लांटात आयुष्य काढलं, तू मले शिकवून राहिली का? मी टेप घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले आणि स्पीड ब्रेकर मोजून आले. वही तुमच्यापुढे धरली.

"तीन केलं तं हे गाडी या गल्लीतूनच बाहीर नाई निघत, बाबा. तळ घासला जाईन."

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणालात, "दोन करू. पण दोनाले सूतभरही कमी नाई." मी हसले. तुम्हीही हसलात. आपली सगळी भांडणं अशी मिटायची, बाबा. तुम्हाला माझ्याशी हरता येत होतं. म्हणूनच पुढचं मला आजही कळत नाही.

गाडी खाली आणली की जुन्या लांबीचे शॉकअप चालत नाहीत, खड्ड्यात ते दांड्यापर्यंत दाबले जाऊन ठोकर देतात, हे तुम्ही मला कागदावर चित्र काढून समजावलं. आखूड शॉकअप शोधायला मी एकटी बाजारात गेले. चार दुकानांत "मैडम, भैया को भेज दीजिए" ऐकलं. पाचव्या दुकानात मी काउंटरवर टेप ठेवला आणि म्हटलं, लहान गाड्यांचे जितके असतील तितके काढा, दाबलेली लांबी आणि उघडी लांबी दोन्ही मोजायची आहे. तो माणूस कंटाळला, पण काढत गेला. एका छोट्या व्हॅनचे मागचे शॉकअप जुळले. कडीचं भोक तेवढं मोठं होतं, त्यात बसवायची धातूची नळी, बुश म्हणतात तो, लेथवर करून घेतला. घरी येऊन ते तुमच्या हातात दिले तेव्हा तुम्ही एक दाबून पाहिला, हळूहळू वर येऊ दिला, आणि म्हणालात, "पाह्य, कसा श्वास घेते."

पाट्यांचं काम कुरुदच्या रस्त्यावरच्या लोहाराकडे झालं. तो जास्तीचा पट्टा काढून टाकला, बाकीच्यांचा बाक त्यानं ठोकून कमी केला, आणि दर चार घावांनी मी मापाची पट्टी लावत होते. तुम्ही खाटेवर बसून पाहत होतात.

पुढच्या स्प्रिंगांची मला खरी भीती वाटली होती. स्प्रिंग दाबून धरायचं साधन तुम्ही स्वतःच केलेलं, दोन लांब बोल्ट आणि चार आकडे. डावीकडे चार फेरे, उजवीकडे चार फेरे. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग दाबताना एक आकडा बोटभर सरकला आणि खण्णकन आवाज झाला. स्प्रिंग सुटली नाही. सुटली असती तर मी हे लिहायला नसते.

तुम्ही ओरडला नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणालात, "हालू नको. तोंड बाजूले कर. आता उजव्या हाताचा बोल्ट उलटा फिरव. अर्धा फेरा. अजून अर्धा." स्प्रिंग सैल झाली. मी बाजूला सरकले, आणि तुम्ही स्टुलावरून उतरून शेडच्या फरशीवर बसलात. थरथरणारा हात दुसऱ्या हातानं धरून.

"तुले हे काम सांगाले नव्हतं पाह्यजे," तुम्ही म्हणालात.

"अर्धं झालं आता, बाबा. अर्धं कसं सोडू?"

दुसऱ्या दिवशी मी ते पूर्ण केलं. स्प्रिंगेचा वेढा ग्राइंडरनं कापला, ओल्या फडक्यानं गार ठेवत, कारण लोखंड तापून ताव गेला की स्प्रिंग मेली, हेही तुम्हीच सांगितलेलं. आतून प्रवीण एकदाही बाहेर आला नाही. एकदा खिडकीतून म्हणाला, "पापा, थोडा आवाज कम करो ना."

डिसेंबरमध्ये आपण ती पहिल्यांदा रस्त्यावर काढली. मी चालवत होते, तुम्ही शेजारी. मरोद्याच्या तुमच्या जुन्या क्वार्टरपर्यंत गेलो. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. रुळांवरून गाडी एकदा दबली, एकदा वर आली, आणि हलायची थांबली. तुम्ही समोर पाहत राहिलात. क्वार्टरसमोर थांबायला सांगितलंत. तिथं आता दुसरं कोणी राहतं, अंगणात दोरीवर त्यांचे कपडे होते. तुम्ही खाली उतरलात, गाडीपासून वीस पावलं लांब गेलात आणि वळून तिच्याकडे पाहिलंत. मग येऊन बसलात.

"बसली वं गाडी," तुम्ही म्हणालात. आणि थोड्या वेळानं, "पुरं आयुष्य मी प्लांटात पोरं शिकवली, शुभांगी. तुह्यासारखा हात एकाचा नाई पाह्यला."

मी एक्केचाळीस वर्षांची होते. असं वाक्य मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. परत येताना मला रस्ता नीट दिसत नव्हता म्हणून मी गाडी हळू चालवली. तुम्हाला वाटलं मी इंजिनाचा आवाज ऐकते आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी सेक्टरातल्या मैदानावर जुन्या गाड्या जमल्या. दुर्ग, रायपूरहूनही लोक आले होते. आपण सगळेच गेलो. आईंनी प्रवीणला आग्रह करून आणलं होतं. आठ महिन्यांत तो पहिल्यांदा चारचौघांत आला होता, जाकिटाच्या खिशात हात घालून उभा होता. मी चहाचा थर्मास घेऊन तुमच्या डाव्या बाजूला होते. एवढी जवळ की हात लांब केला असता तर तुमच्या खांद्याला लागला असता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी लांब असते, तुम्हाला दिसले नसते, असं तुमच्या बाजूनं मी पुष्कळ वेळा म्हणून पाहिलं. जमत नाही.

साहूजी आले. जमवाजमव तेच करत होते. ट्रकच्या सामानाचं त्यांचं मोठं दुकान, आणि स्वतःची एक जुनी गाडी. त्यांनी तुमच्या गाडीभोवती फेरी मारली, कोपऱ्यावर हात दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. मग ते गुडघ्यावर बसून खाली डोकावले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"बाऊजी, ये किसका काम है? यहाँ तो कोई ऐसा करता नहीं."

आणि तुम्ही म्हणालात, "हमारे प्रवीण का. घर पे था न, चार महीने लगा रहा."

साहूजींनी प्रवीणचा हात हातात घेतला. प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "बस, पापा ने सिखा दिया." आजूबाजूचे दोघे-तिघे आले. कोणी विचारलं, स्प्रिंग कापली की नवी घातली. तुम्हीच उत्तर दिलं. तुम्ही माझं काम टप्प्याटप्प्यानं सांगितलं, बाबा. लेथवरचा बुश, व्हॅनचे शॉकअप, ओलं फडकं. सगळं अगदी बरोबर सांगितलं, फक्त नाव त्याचं घातलं. प्रत्येक वाक्यात.

शेवटी गाडीबरोबर फोटो काढायचा ठरला. प्रवीणनं मला फोन दिला. "शुभा, एक काढून दे." तो फोटो मीच काढला आहे. तुम्ही, प्रवीण, साहूजी, आणि दोन इंच खाली बसलेली गाडी. हात हलला नाही, फोटो चांगला आला.

येताना गाडी प्रवीणनं चालवली. मी आईंबरोबर मागे बसले. खड्डा आला की गाडी जशी उतरायची आणि थांबायची, ते मला पाठीत कळत होतं. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तुम्ही शेडमधून हाक मारली, "शुभांगी, ब्रेक ऑइल पाहाचं होतं वं."

मी खिडकीतून म्हटलं, "प्रवीणले सांगा."

एवढंच आपलं भांडण. त्यानंतर मी शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही. तुम्ही बोलावलं नाही. तुमचं जेवण, औषध, डॉक्टर, कपडे, कशातही मी कमी केलं नाही, ते तुम्हीही जाणता. पण वहीतली मापं, पाना, बाजारातल्या गमती, हे सगळं आपल्यात बंद झालं. आपण नुसते सासरा आणि सून झालो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्याच महिन्यात साहूजींनी प्रवीणला आपल्याकडे कामावर ठेवलं. यंत्रातलं कळणारा माणूस हवा होता, म्हणाले. प्रवीण पुन्हा दाढी करायला लागला. घरात हसणं आलं. आईंनी देवापुढे नारळ फोडला आणि मला खोबरं देताना म्हणाल्या, "घे वं, तुह्या सौभाग्याचं." मी घेतलं. खोटं कशाला सांगू, मलाही हायसं वाटलं होतं. आणि हायसं वाटल्याचा राग आला होता.

एकदा तुम्ही प्रयत्न केलात. गेल्या दिवाळीच्या आधी, जेवताना. आई नव्हत्या, प्रवीण कामावर होता. तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "त्या मैदानावर त्या दिवशी…"

मी म्हटलं, "वरण थंड होऊन राह्यलं, बाबा."

तुम्ही जेवलात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. ही माझी बाजू आहे आणि ती मला तुमच्यावर ढकलता येत नाही. दार मी लावलं. पण बाबा, तुम्ही दुसऱ्यांदा हाक मारू शकला असता. नट जाम असला की तुम्ही कधी एका प्रयत्नात सोडून दिलं होतं का?

मार्चमध्ये तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. त्या दिवशीचं आपलं शेवटचं बोलणं असं: "गोळी घेतली का?" "घेतली."

तेरवीनंतर दोन दिवसांनी आई आणि मी तुमचे कपडे वेगळे करत होतो. आईंनी तुमचा एक सदरा मांडीवर घेतला आणि स्वतःहून म्हणाल्या, "तू त्याईच्यावर राग धरून होती, मले मालूम हाय."

मी कपाटातला पुढचा सदरा काढला.

"मैदानावरून आल्यावर त्याईनं मले सांगतलं होतं. म्हणे, प्रवीणचं तोंड पाह्यलं का तू? आठ महिने झाले, कोणी त्याच्याशी हात मिळवला नाई. साहूनं इचारलं अन् माह्या तोंडून त्याचंच नाव निंगालं. मंग माघारी घेता नाई आलं."

"अन् माहं नाव?"

आईंनी सदऱ्याची घडी केली. "म्हणे, शुभांगी घरचीच हाय. थे समजून घेईन."

समजून घेईन. बाबा, मी ते दोन शब्द घेऊन दिवसभर घरात फिरले. तुम्हाला काय वाटलं होतं, मला प्रवीण दिसत नव्हता? त्याच्या दाराशी ताट घेऊन उभं राहण्याची पाळी माझीही होती. तो झोपेत दात खायचा ते मी ऐकत होते. आदल्या दिवशी शेडमध्ये तुम्ही म्हणाला असतात, शुभांगी, उद्या लोकांनी विचारलं तर प्रवीणचं नाव सांगू का, त्याला बरं वाटेल, तर मी हो म्हटलं असतं. वाईट वाटलं असतं, पण हो म्हटलं असतं. ते मी दिलेलं झालं असतं. तुम्ही ते माझ्याजवळून न विचारता उचललं आणि माझ्यासमोर दुसऱ्याला दिलं, आणि मी घरचीच आहे म्हणून मला कळवायचीही गरज नव्हती. ज्या माणसानं मला आधी नाप, मग हात लाव असं शिकवलं, त्यानं.

आणि हेही लिहिते की तुमचं कारण ऐकून माझा राग कमी झाला नाही. मला वाटलं होतं होईल.

त्याच आठवड्यात प्रवीण संध्याकाळी कामावरून आला आणि चहा तसाच ठेवून बसला. साहूजींना त्यांची गाडी खाली करून हवी होती. आपल्यासारखी. रविवारी घेऊन येतो म्हणाले होते.

"तू कर ना," प्रवीण म्हणाला. "मी बाजूला उभा राहीन. शेडचं दार लावून घेऊ."

"करते," मी म्हटलं. "पण माह्या नावानं. साहूजींना तू सांग."

"शुभा, नौकरी जाईल. एक साल से झूठ चल रहा है, क्या बोलूँ मैं?"

"मग गाडी आणू नको म्हणून सांग."

तो उठून गेला. तीन दिवस आम्ही बोललो नाही. मी मनातून घाबरले होते, बाबा. सोहमचं शिक्षण चालू आहे. तुम्ही असतात तर मी शेडमध्ये येऊन तुम्हाला विचारलं असतं, हे बरोबर करते आहे का. तुमच्याशीच भांडण आणि विचारायचंही तुम्हालाच, असं माझं झालं होतं.

रविवारी सकाळी साहूजींची गाडी दाराशी थांबली. मी अंगणात होते, आई ओट्यावर. साहूजी आधी आत जाऊन तुमच्या फोटोसमोर हात जोडून आले. मग बाहेर येऊन गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "तो प्रवीण, कितना नीचे आएगी? तुम्हारी वाली जितनी?"

प्रवीण उभा राहिला. त्याची मान खाली होती. मी काही बोलणार नव्हते, ते मी ठरवलेलं होतं. आईंच्या हातातलं सूप थांबलं.

"साहूजी, इनसे पूछिए," प्रवीण म्हणाला. "हमारी गाड़ी इन्होंने ही की थी. मैंने हाथ भी नहीं लगाया था."

साहूजींना आधी ती थट्टा वाटली, ते थोडे हसले. मग आमच्यापैकी कोणी हसत नाही हे त्यांनी पाहिलं. प्रवीणकडे बराच वेळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं नाही, आणि अजूनही कळलेलं नाही.

मी पुढे झाले. गाडीच्या चारही चाकांकडे पाहिलं. म्हटलं, "हवा बराबर है चारों में?"

"पीछे कम होगी," ते म्हणाले.

"पहले भरवा लाइए. फिर नापूँगी."

ते क्षणभर घुटमळले. मग किल्ली काढून गाडीत बसले आणि हवा भरायला गेले. अर्ध्या तासानं परत आले. तोपर्यंत मी ट्रॅकसूट घातला होता आणि शेडचं कुलूप काढलं होतं.

सोमवारी प्रवीण डबा घेऊन कामावर गेला आणि संध्याकाळी परत आला. साहूजी काय म्हणाले ते मी विचारलं नाही. आज बुधवार आहे. आजही गेला आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. साहूजींची गाडी शेडमध्ये उभी आहे, पुढची चाकं काढलेली आहेत.

बाबा, त्या मैदानावर तुम्ही इतकंच म्हणायचं होतं. इनसे पूछिए. मी चहाचा थर्मास घेऊन तुमच्या शेजारीच उभी होते. प्रवीणचं काय करायचं ते घरी येऊन आपण दोघांनी बसून ठरवलं असतं.